घरची शाई

चंद्रहास खांबेटे गेले त्याला सहा आठवडे झाले होते, तेव्हा त्यांच्या नातीच्या, रुचाच्या शाळेतून ती चिठ्ठी आली. शाळेच्या चिठ्ठ्या रुचाची आई, क्षितिजा, एरवी उभ्या उभ्या वाचून फ्रीजला चिकटवून टाकत असे. ही मात्र तिनं दोनदा वाचली, घडी घातली आणि वडिलांच्या टेबलाच्या वरच्या खणात ठेवून दिली, जणू ती त्यांच्याच नावानं आली होती.

गोवर-रुबेलाची लस. पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना, शाळेतच, येत्या शुक्रवारी. सोबतच्या कार्डावर पालकांनी नाव आणि जन्मतारीख लिहून पाठवायची होती. सहीसाठी जागा होती, पण विचारलेलं असं काहीच नव्हतं. तळाशी जाड अक्षरांत लस सक्तीची असल्याचं लिहिलं होतं, 'टीकाकरण अनिवार्य है.'

यात न समजण्यासारखं काही नव्हतं, आणि त्या घरात तर नव्हतंच. चंद्रहास मूळचे चिपळूणचे. ऐन पंचविशीत लखनऊच्या एका संशोधन संस्थेत जंतुशास्त्रज्ञ म्हणून आले, तेलीबागेत घर बांधलं आणि परत जाण्याचं नाव काढलं नाही. लसीनंतर कुणाला काही झालं आणि लोकांनी लसीकडे बोट दाखवलं की ते म्हणत, कोंबडं आरवलं म्हणून तांबडं फुटत नाही. क्षितिजानं ते वाक्य पाढे पाठ करायच्या वयात ऐकलं होतं. पुढे ती कॉलेजात इतिहास शिकवू लागली, तेव्हा वर्गात तेच वाक्य स्वतःचं म्हणून वापरूही लागली.

पण ऑक्टोबरात तिनं वडिलांना न्यूमोनियाची लस टोचून आणली होती. त्यांच्या छातीचं दुखणं जुनं. जगाला आयुष्यभर सांगितलेली गोष्ट स्वतःच्या वेळी ते दोन वर्षं पुढे ढकलत आले होते. शेवटी तिनं एका सकाळी त्यांच्या चपला पुढ्यात आणून ठेवल्या आणि म्हणाली, "मी विचारत नाहीये, बाबा. हुकूम आहे." त्यांनी कपाळाला हात लावून लखनवी सलाम केला होता. संधिवातामुळे त्यांना बटणं काढता येत नसत, म्हणून दवाखान्यात त्यांच्या शर्टाची बाही तिनंच वर दुमडली. एक घडी, दुसरी, तिसरी. सहाव्या दिवशी सकाळी ते न्हाणीघरात कोसळले. हृदय बंद पडलं होतं.

डॉक्टरला तिनं बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारली. तो म्हणाला, छे, काही संबंध नाही. तिनं मान डोलावली. तिला ते माहीत होतं. त्यानंतर हा विषय ती कुणाजवळ बोलली नाही. आईजवळ नाही, आणि ईशान्येकडे एअर फोर्सच्या तळावर असलेल्या नवऱ्याजवळ, सत्यजितजवळही नाही. फक्त कपडे वाळत घालताना कुणाच्या शर्टाची बाही हाताला लागली की ती तिसरी घडी तिच्या बोटांना आठवायची.

शुक्रवारी सकाळी तिनं रुचाच्या कपाळाला हात लावला आणि अंग जरा गरम वाटतंय असं म्हणून तिला घरी ठेवलं. रुचाची आजी, वसुधाबाई, पोह्यांची बशी घेऊन बाहेर आल्या. त्यांनीही नातीच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि आत गेल्या.

सोमवारी रुचा घरी आली ती दप्तर न काढताच बसून राहिली. प्रार्थनेनंतर सगळ्यांना डाव्या हाताचा अंगठा वर धरायला लावला होता, ती सांगत होती. लस टोचल्यावर अंगठ्याच्या नखाला काळी शाई लावतात. ज्यांचं नख कोरं, त्यांची वेगळी रांग. तिच्या वर्गातले सात जण होते. बुधवारपर्यंत तीन उरले, आणि त्या तिघांजवळ डबा खायला कुणी बसेना. रुचाला मराठी सगळं समजायचं, बोलायची मात्र हिंदीच. "सब बोलते हैं इसको कुछ हो जाएगा, और फिर हमको भी," ती बुधवारी म्हणाली. तिला भीती वाटत नव्हती. तिला लाज वाटत होती.

त्याच दुपारी वर्गशिक्षिकेचा फोन आला. वीस तारखेला, गुरुवारी, राहिलेल्या मुलांसाठी टीम पुन्हा येणार होती. त्यानंतरही नख कोरं राहिलं तर वार्षिक परीक्षेला बसू देता येणार नाही. असा लेखी आदेश आहे का, असं क्षितिजानं विचारलं. बाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "मैम, ऊपर से है."

क्षितिजाला राग आला, आणि राग आल्यावर तिला फार दिवसांनी बरं वाटलं. सात आठवड्यांत प्रथमच तिला भूक लागली. दोन पोळ्या खाऊन ती टेबलाशी बसली आणि मुख्याध्यापिकेला पत्र लिहू लागली. न विचारता शरीराला हात लावण्याचा हक्क कुणाला, असा पहिलाच प्रश्न होता. वर्गात ती प्लेगच्या वर्षातलं पुणं शिकवायची, घराघरांत शिरणारे सोल्जर, बायकांच्या काखा तपासणारे डॉक्टर. ते सगळं तिनं पत्रात घातलं. तीन पानं झाली. मग ती पहिल्यापासून वाचायला लागली आणि दुसऱ्या पानावर थांबली. पत्रातलं सगळं खरं होतं, पण लसीबद्दल तिला नक्की काय वाटतं, हे त्यात कुठंच नव्हतं. बाबांनी पत्र वाचून चष्मा काढला असता आणि तेवढंच विचारलं असतं. तिनं पानं फाडली नाहीत. चिठ्ठीवरच ठेवून दिली.

सत्यजितला फोनवर तिनं शाळेच्या दंडेलीबद्दल सांगितलं. तो हसला. त्यांच्याकडे रांगेत उभं करतात, बाही वर, टोच, पुढे चल. कुणी विचारत नाही. "आणि खरं सांगू? विचारलं असतं ना, तर मी घाबरलो असतो," तो म्हणाला. मग म्हणाला, "क्षितू, बाबा असते तर काय म्हणाले असते?" रेंज नीट नाही, असं सांगून तिनं फोन ठेवला.

त्या खणात चिठ्ठी ठेवताना तिला पहिल्याच दिवशी एक वस्तू दिसली होती. भिंग, जुने थर्मामीटर आणि रिकाम्या कुप्या यांच्यामध्ये एक जाड काळं मार्कर पेन. पल्स पोलिओच्या दिवसांतलं. तेव्हा मुलांच्या डाव्या करंगळीला खूण करत. चंद्रहास सुट्टीच्या दिवशी टीमच्या मागोमाग गल्ल्यांत फिरून राहिलेली घरं तपासत असत, तेव्हाचं ते. टोक दगडासारखं वाळलेलं होतं. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, टीम यायला अजून आठवडा असताना, तिनं त्यावर स्पिरिटचे चार थेंब टाकले, कागदावर घासलं, आणि पंधरा वर्षांनी ते उमटलं.

रुचा दूध पीत होती. क्षितिजा म्हणाली, "अंगठा दे."

रुचानं पेनाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. "मम्मा, ये तो चीटिंग है."

"थोड्या दिवसांपुरतं."

"नाना को पता चलता तो?"

लेकीचा अंगठा टेबलावर नीट धरून क्षितिजानं नखावर शाई लावली, कडेला जराही जाऊ न देता. शाळेत रुचानं 'बाहेर टोचून घेतलं, कार्ड नंतर आणते' असं सांगितलं, आणि बाईंनी यादीत तिच्या नावापुढे खूण केली. इतकं सोपं होतं. पण त्या दिवसापासून रुचा तो अंगठा मुठीत धरून वावरू लागली, तिथं काही लागलंय अशी. आणि क्षितिजाचा राग एकाएकी ओसरला. त्याच्याखाली जे होतं ते पुन्हा वर आलं.

रविवारी बाबांचा मोबाईल वाजला. ज्यांना कळलं नसेल त्यांचे फोन येतील, म्हणून तिनं तो चार्ज करून ठेवला होता. पडद्यावर नाव होतं, 'कनीज़ चौक'. बाईचा आवाज. इस बार डॉक्टर साहब दिखे नहीं, मलाई का मौसम तो कब का लग गया, ती विचारत होती. क्षितिजानं बाबा गेल्याचं सांगितलं. मग ती बाई म्हणाली, "मैं आऊँगी."

फोन ठेवल्यावर क्षितिजाला ते घर आठवलं. आठवलं म्हणण्यापेक्षा, ते कधी विसरलंच नव्हतं.

दोन हजार तीनचा नोव्हेंबर. ती पंचवीस वर्षांची होती, पीएच.डी. करत होती, आणि एका रविवारी बाबांबरोबर जुन्या लखनऊतल्या चौक भागात गेली होती. ज्या घरातल्या सगळ्या मुलांना पोलिओचे डोस मिळाले त्या दारावर टीमवाले खडूनं 'पी' लिहीत. जिथं राहिले तिथं फुली. मशिदीमागच्या गल्लीत एका दारावर फुलीवर फुली, फुलीवर फुली अशा चार फुल्या होत्या. दारात एक तिशीची बाई उभी होती, कडेवर दीड वर्षाची मुलगी, दुसऱ्या हातात चिकनच्या भरतकामाचा अर्धा भरलेला कुर्ता, सुई अडकवलेली. ती भांडत नव्हती. फक्त दारातून हलत नव्हती. टीमबरोबरचा एक जण तिला कनीज़ नावानं हाक मारून गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, की अशा घरांचं रेशन थांबवा असं वरून सांगितलंय. आणि क्षितिजा, त्या बाईला कळावं म्हणून मुद्दाम हिंदीत, बाबांना म्हणाली होती की बरोबरच आहे. रेशन थांबलं की आपोआप पाजतील. अशा लोकांना विचारत काय बसायचं?

रिक्षात बसल्यावर बाबा म्हणाले, "तू बाहेर थांबायला हवं होतंस." एवढंच. तिला ते लागलं, आणि ती पुन्हा कधी त्यांच्याबरोबर गेली नाही. त्या हिवाळ्यात मात्र बाबा दर गुरुवारी सकाळी एकटेच चौकात जाऊ लागले. येताना मक्खन मलाईचा द्रोण आणत, तो दुधाचा पिवळसर फेस, वर पिस्ते. त्यांची साखर तेव्हाच वाढलेली. वसुधाबाई चिडवत, "चौकात दुसरं घर केलंय का? निदान तिला सांगा, मलई कमी घाल."

कनीज़ मंगळवारी दुपारी आली. दोन टेंपो बदलून. आता पंचेचाळिशीची, जाड भिंगांचा चष्मा, पांढरा दुपट्टा. वसुधाबाईंच्या दोन्ही हातांना धरून ती थोडा वेळ उभी राहिली. वसुधाबाईंनी तिला बसवलं, नीट पाहून घेतलं, आणि दोन महिन्यांत त्या पहिल्यांदा जराशा हसल्या.

"तो मलाई आपके यहाँ थी."

"मलाई तो गोल दरवाज़े पर थी, भाभी. हमारे यहाँ तो चाय थी. वो भी फीकी, डॉक्टर साहब के हिसाब से."

मग दोघी रडल्या, फारसा आवाज न करता. क्षितिजा खुर्चीत ताठ बसून होती. ही बाई आपल्याला ओळखते की नाही, एवढंच तिच्या मनात चाललं होतं.

रुचा शाळेतून आली. आजीच्या सांगण्यावरून तिनं पाहुणीला पाण्याचा ग्लास दिला. कनीज़नं ग्लास घेतला, खाली ठेवला आणि पोरीचा अंगठा हातात धरला. उजेडाकडे वळवला. बारीक टाके घालून डोळे गेलेली बाई जसं कापड डोळ्यांशी नेते, तसं नेलं.

"ये कहाँ लगवाई, बिटिया?"

रुचानं आईकडं पाहिलं.

"टीमवाले जल्दी में रहते हैं," कनीज़ कुणाकडेही न बघता म्हणाली. "खाल पर फैल जाती है, नाख़ून की जड़ में घुस जाती है. ये तो किसी ने सँभाल के लगाई है. ये घर की स्याही है."

वसुधाबाई उठल्या आणि नातीला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. क्षितिजाला वाटलं, आता ही बाई पंधरा वर्षांपूर्वीचं सगळं व्याजासकट परत करील. तिची तयारी होती.

"नीला स्वेटर पहने थीं आप, उस रोज़," कनीज़ म्हणाली.

"मैंने बहुत ग़लत बात कही थी."

"हाँ." मग दुपट्टा सारखा करत ती म्हणाली, "तब आपका कोई गया नहीं था."

त्यानंतर कनीज़नं जे सांगितलं ते ती खालच्या आवाजात, मध्ये मध्ये थांबून, कुठंही न रडता सांगत होती. त्या मुलीच्या आधी तिला एक मुलगा होता. दोन वर्षांचा. एका उन्हाळ्यात टीम आली, तिनं त्याला थेंब पाजले, आणि तिसऱ्या दिवशी तो जुलाब-उलट्यांनी गेला. गल्लीच्या नळात गटाराचं पाणी शिरलं होतं. त्या आठवड्यात चार मुलं गेली, त्यातल्या दोघांनी तर थेंब घेतलेही नव्हते. हे तिला माहीत होतं. सासऱ्यांनी सांगितलं, मौलवींनी सांगितलं, टीमच्या बायकांनी चित्रं दाखवून सांगितलं. औषधात काही नाही. ती कुठं म्हणत होती की आहे?

"मुँह मैंने खोला था उसका. इन्हीं उँगलियों से, गाल दबा के." तिनं अंगठा आणि तर्जनी पुढे करून दाखवली. "मैं दवा से नहीं डरती थी. अपने हाथ से डरती थी."

क्षितिजानं आपले हात मांडीवरून उचलून खुर्चीच्या कडेला धरले.

जबरदस्ती झाली असती तर एका परीनं सुटले असते, कनीज़ म्हणाली. गल्लीत अशा बायका होत्या. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि टीमला म्हणायच्या, करा काय करायचं ते. म्हणजे आपल्या डोक्यावर नको. तिनंही तसं ठरवलं होतं. मग तिच्या मनात आलं, हिलाही काही झालं तर शेवटी मी हिला धरलेलंसुद्धा नसेन. म्हणून ती दारात उभी राहिली. आत येऊ द्यायचं नाही, बाहेरही जायचं नाही.

त्या रविवारनंतरच्या गुरुवारी डॉक्टर साहेब एकटे आले. दारावरच्या चारही फुल्या त्यांनी आपल्या रुमालानं पुसल्या आणि खडूनं 'पी' लिहिला. खिशातून पेन काढून मुलीची करंगळी रंगवली. थेंब पाजले नाहीत. कनीज़ला वाटलं, हा माणूस चुकला. तेव्हा ते म्हणाले होते, "अब आपको कोई तंग नहीं करेगा. स्याही मेरी तरफ़ से है. दवा आपकी तरफ़ से होगी, जब आपका जी मानेगा. मैं पूछने आता रहूँगा."

आणि ते आले. अकरा गुरुवार. बिनसाखरेचा चहा घ्यायचे, तिचं काम बघायचे, टाक्यांची नावं विचारायचे. औषधाचं नाव नाही. निघताना बूट घालता घालता एकच शब्द, "आज?" ती नकाराची मान हलवायची. ते जायचे.

"बर्फ़ का डिब्बा हर बार साथ लाते थे. दवा अंदर. खोलते नहीं थे. पैरों के पास रखे रहते."

क्षितिजानं मान वर केली. तो निळा डबा. मलईचा द्रोण बाबा त्यातूनच काढायचे. मक्खन मलाई म्हणजे रात्रीच्या दवात धरलेला फेस, ऊन लागलं की तासाभरात पाणी. तेलीबाग चौकापासून केवढी लांब. पण त्या हिवाळ्यात मलई कधी विरघळून आली नाही. लस केंद्रावर परत देऊन उरलेल्या बर्फावर ठेवून आणत असतील. घरात कुणालाच कधी प्रश्न पडला नाही, की मलईसाठी माणूस बर्फाचा डबा घेऊन का जातो.

"डरते बहुत थे," कनीज़ म्हणाली. "एक बार कहा, इस बच्ची को कुछ हो गया तो वो मेरी स्याही पर होगा. नींद नहीं आती थी उनको. घर में किसी ने नहीं पूछा?"

घरात कुणी विचारलं नव्हतं. दारावर खोटी खूण करणं, आपल्याच हातानं कागद बिघडवणं, हे ज्या माणसाला जिवावर आलं असेल, तो माणूस त्या हिवाळ्यात फार हळू बोलत असे, एवढंच क्षितिजाला आता आठवत होतं.

बाराव्या गुरुवारी कनीज़ म्हणाली, आणा. मुलीचे गाल तिनं स्वतः दाबले. डॉक्टर साहेबांनी तिच्या हाताला हात लावला नाही, धीर दिला नाही. समोर बसून राहिले. आणि त्यानंतर तीन दिवस रोज सकाळी आले, चहा घेतला, मुलगी खेळताना पाहिली, आणि तिसरा दिवस उलटल्यावर मगच गेले. मुलगी, निखत, आता इंटरला, बारावीत होती. तेव्हापासून दर हिवाळ्यात मलईच्या निमित्तानं त्यांची एक फेरी ठरलेली.

कनीज़ बोलायची थांबली. स्वयंपाकघरातून रुचाचा आणि आजीचा आवाज येत होता. मग क्षितिजानं जे आपल्या माणसांजवळ मराठीत बोलली नव्हती, ते या बाईला हिंदीत सांगितलं.

"उनकी आस्तीन मैंने चढ़ाई थी. सुई के लिए. वो नहीं चाहते थे, मैं ज़बरदस्ती ले गई थी. छह दिन बाद वो चले गए. मैं जानती हूँ उससे नहीं गए." तिचा आवाज शेवटपर्यंत नीट राहिला. "जानती हूँ."

कनीज़नं तिची समजूत घातली नाही. लसीबद्दल, देवाबद्दल, नशिबाबद्दल काही बोलली नाही. थोडा वेळ बसून ती उठली. दाराशी चपला घालताना तिनं वळून पाहिलं.

"आज?"

क्षितिजानं नकाराची मान हलवली.

"पूछूँगी," असं म्हणून ती गेली.

कप विसळताना वसुधाबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही दवाखान्यातून आलात ना, तेव्हा बाही तशीच वर होती. ती खाली करून बटण मी लावलं." नळ बंद करून त्यांनी हात पुसले. "मग मीही त्यात आले का?"

क्षितिजानं आईच्या हातातला कप घेतला आणि पुसून फळीवर ठेवला.

गुरुवारी, वीस तारखेला, सकाळी साडेसातला बाबांचा मोबाईल वाजला. पलीकडून नमस्कार-चमत्कार काही नाही. एकच शब्द आला. क्षितिजा म्हणाली, "हाँ."

शाळेच्या हॉलमध्ये नर्सबाईंनी रुचाचा अंगठा पाहिला आणि दोघींना परत जायला सांगितलं. नख काळं आहे, हिचं झालंय. नाही झालं, क्षितिजा म्हणाली. शाई मी लावली आहे, घरी. हे तिला दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा नर्सबाईंना ते ऐकूनही कळलं नाही. वर्गशिक्षिका बाजूलाच उभी होती, मागे चार पालक. नर्सबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पढ़े-लिखे लोग," त्या शेजारच्या बाईला म्हणाल्या, आणि सिरिंजचं पाकीट फाडलं. क्षितिजानं ते ऐकून घेतलं. पंधरा वर्षांपूर्वी एका दारात तिनं जे दिलं होतं, त्याच्या मानानं ते थोडं होतं.

रुचानं स्वेटरमधून उजवा हात काढला. शाळेच्या पांढऱ्या शर्टाची बाही कोपरापर्यंतच येत होती. ती वर करण्यासाठी नर्सबाईंनी हात पुढे केला.

"मैं करती हूँ," क्षितिजा म्हणाली.

तिनं बाही दुमडली. एक घडी. दुसरी. तिसऱ्या घडीला बोटं थांबली. मागचे लोक चुळबुळ करू लागले. रुचा आईच्या हाताकडे पाहत होती. मग तिसरी घडी बसली. नर्सबाईंनी टोचलं, कापूस दाबायला सांगितला आणि घाईघाईनं अंगठ्यावर शाई फासली. ती जुन्या शाईवर बसली, नखाच्या मुळात शिरली आणि कातडीवर पसरली.

पुढचे सहा दिवस क्षितिजानं मोजले. मोजू नये असं ठरवून मोजले. रात्री अंग जरा कोमट झालं, एवढंच. बाकी रुचा खात होती, कंपास हरवल्यावरून मैत्रिणीशी फोनवर भांडत होती. नाताळची सुट्टी लागली. सहाव्या दिवशी, बुधवारी, वसुधाबाई मटारची पिशवी घेऊन अंगणातल्या उन्हात येऊन बसल्या आणि क्षितिजाही त्यांच्याशेजारी बसली. दोघी शेंगा सोलत होत्या आणि दोघी समोर सायकल फिरवणाऱ्या पोरीकडे बघत होत्या. रुचानं दोन फेऱ्या सहन केलं. मग ब्रेक लावून म्हणाली, "आप दोनों मुझे ऐसे मत देखो ना." वसुधाबाईंनी मान खाली घालून सोललेले दाणे पुन्हा निवडायला घेतले.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. क्षितिजा सकाळीच निघाली आणि गोल दरवाज्यापाशी मक्खन मलाईचा द्रोण घेतला. मग मशिदीमागच्या गल्लीत गेली. दार तेच होतं, रंग नवा. कनीज़नं बिनसाखरेचा चहा केला.

निळा डबा माळ्यावर कुठंतरी पडलेला असणार. तो आणायचं तिला सुचलं नव्हतं. टेंपोत ऊन येत होतं, पुलावर गर्दी लागली, आणि तेलीबागेला पोहोचेपर्यंत मलईचं पाणी झालं होतं. पिस्त्याचे काप तळाशी बसले होते. तिनं तो द्रोण तसाच आईपुढे ठेवला. वसुधाबाईंनी वाकून पाहिलं. त्यांनी वाटी आणली, ते सगळं केशरी दूध काळजीपूर्वक तिच्यात ओतलं, आणि चमच्यानं, सावकाश, शेवटपर्यंत प्यायल्या.